तीनदा विचारायची रीत

अ‍ॅट्रॅक्टा गिल्व्हरीने अर्ज फिरवून टेबलापलीकडे सरकवला.

"इथं विचारलंय, मी त्याची कोण. 'शेजारीण' लिहिलंय. चालतं का?"

"चालतं की. मृत्यूचा आढावा घ्या म्हणून कुणीही अर्ज करू शकतं," थ्वेट म्हणाला. असहाय प्रौढांच्या संरक्षणासाठी जे मंडळ होतं, त्याचा तो कारकून.

मॅलकी डर्कन, वय एक्क्याऐंशी. तरुणपणी आयर्लंडहून इंग्लंडातल्या या गिरणीगावात मजुरीला आला आणि गेल्या फेब्रुवारीत आपल्याच स्वयंपाकघरात उपासमारीने गेला. त्या हिवाळ्यात त्याच्या दाराशी नर्स आली होती, जेवणाचे डबे देणारी बाई आली होती, नगरपालिकेची समाजसेविका तर दोनदा आली होती. इतक्यांची वर्दळ असून माणूस उपाशी मरतो कसा, या प्रश्नाने अ‍ॅट्रॅक्टाचं डोकं पोखरलं होतं. उत्तर मिळाल्याशिवाय ती गप्प बसणार नव्हती.

"आढावा कुणाला फासावर चढवायला नसतो," थ्वेट म्हणाला. "पण भेटीला गेलेली मंडळी कुठे कमी पडली, ते तरी दिसायला हवं. या फाइलीत प्रत्येक नोंद सारखीच आहे. 'मदत देऊ केली. नको म्हणाले.' शहाणासुरता माणूस नको म्हणाला, तर जबरदस्ती कशी करणार?"

"एका भेटीत किती वेळा विचारलं त्याला?"

"म्हणजे?"

"बघा तर खरं."

थ्वेटने पानं चाळली. "एकदाच. एकदाच विचारतात ना, बाई."

अ‍ॅट्रॅक्टाला हसू आलं. "तुम्ही इंग्रज. अहो, आमच्या आयर्लंडात, मेयोकडे, पहिल्यांदा विचारल्यावर चहाला हो म्हणणारा हावरट ठरतो. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, तुझं मन मोडवत नाही, अर्धा कप दे. मग तीन कप ढोसायचे."

थ्वेटने पेन खाली ठेवलं. "म्हणजे ते 'नको'..."

"नको नव्हतंच ते. रीत होती. इथं साठ वर्षं काढली त्याने, पण रीत सुटली नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात. मॅलकीच्या बाबतीत ती भिकेवर थांबली नव्हती; थेट जीव घेऊन गेली होती.

थ्वेट आता खुर्चीत पुढे सरकून बसला होता. "चार भेटी, चार नकार, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नाही. हे मंडळापुढे ठेवता येईल, बाई. नक्की ठेवता येईल." तो भराभर लिहू लागला. अ‍ॅट्रॅक्टाला फार दिवसांनी हलकं वाटलं.

"एवढंच सांगा," तो मान वर न करता म्हणाला, "ही रीत ठाऊक असलेलं कुणी त्याच्याकडे जायचं का?"

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले, एकावर एक, नीट. मग अर्ज आपल्याकडे ओढला. भेट दिलेल्यांच्या यादीत समाजसेविकेच्या खाली एक ओळ रिकामी होती. तिथे तिने ठसठशीत अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

थ्वेटने नाव वाचलं. त्याने विचारलं, "कधी?"

"तो जायच्या दोन दिवस आधी. सूप घेऊन गेले होते. कोपऱ्यावर माझी बस येताना दिसत होती."

"किती वेळा विचारलंत?"

"दोनदा."