मी आत आहे

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी मशीनमध्ये डोकं घालून तिला हाका मारत होतो.

आम्ही दोघं एकाच लाँड्रीत कामाला. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथून धुऊन, इस्त्री होऊन जातात. मी फिटर, ती वायरमन. बाई असली तरी सगळे तिला वायरमनच म्हणायचे. कोणी हसलं की ती म्हणायची, "करंट विचारत नाही, बाई का बुवा." तिची सकाळची पाळी, माझी दुपारची. गेटवर भेट व्हायची, घराची किल्ली माझ्या हातातून तिच्या हातात जायची आणि ती घरी निघायची.

त्या दिवशी ती गेटवर नव्हती. आत गेलो तर चादरींच्या इस्त्रीचं मोठं मशीन बंद होतं. मेन स्विचच्या कडीत तिचं लाल कुलूप आणि कुलपाला तिची पाटी.

आमच्याकडे ज्याचं काम त्याचं कुलूप. मशीनमध्ये हात घालायच्या आधी स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि पाटी लटकवायची. कुलपाला किल्ली एकच, ती त्या माणसाच्या गळ्यात. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढायचं नाही, नवऱ्याने बायकोचंही नाही. पाटीवर माणसाचा फोटो असतो आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'थांबा. मी आत आहे.' तिच्या फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. बदलून घे म्हटलं तर म्हणायची, "राहू दे. तेवढीच झोप."

मी वाकून आत बघितलं आणि हाक मारली. "अगं, आहेस का?"

एरवी आतून आवाज यायचा, "आहे, धुगधुगी आहे अजून." त्या दिवशी आला नाही.

मशीनचा वरचा रूळ खालच्या पाटावर टेकलेला होता. हा पाट तापतो, चादर चिकटू नये म्हणून त्याला मेण लावतात, चादर त्याच्यात आणि रुळात दाबून जाते आणि कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. मी बॅटरी मारली. रूळ आणि पाट यांच्यात तिच्या टेस्टरची पिवळी मूठ अडकलेली दिसली. मागे जाऊन पाहिलं. बाजूचं झाकण खोललं, पोटावर पडून खालून पाहिलं. अगं, अगं करत मी त्या मशीनभोवती फिरत होतो आणि चादरी घालणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात गेटकडून सुपरवायझर धावत आला. "ती आत नाहीये," तो म्हणाला. "तू बाहेर ये आधी."

मला इतकं बरं वाटलं की मी हसलोसुद्धा. मग त्याने पुढचं सांगितलं. ती रस्त्यापलीकडच्या मशीनच्या पार्टच्या दुकानात गेली होती. तिथे स्टुलावर बसली आणि बसल्या जागी पडली. डोक्यातली नस फुटली होती.

हॉस्पिटलमधून तिच्या वस्तूंची पिशवी आमच्या मुलीने आणली. त्यात काळ्या दोरीतली कुलपाची किल्ली होती. "बाबा, ही तुमच्याकडेच ठेवा," मुलगी म्हणाली. मी ती शर्टाच्या आत गळ्यात घातली. माझी किल्ली आधीच होती. चालताना दोन्ही एकमेकींवर वाजायच्या.

सगळं आटोपल्यावरही मी कामावर जात नव्हतो. तिचा फोन मात्र रोज चार्ज करत होतो. का, ते मला विचारू नका. एका सकाळी तो स्वयंपाकघरात वाजला. मुलगी भाजी चिरत होती, तिचा हात तिथेच थांबला. मी जाऊन उचलला.

"हॅलो," पलीकडून सुपरवायझर म्हणाला. "अरे, मला वाटलं कोणी उचलणार नाही."

"मग केलास कशाला?"

"नियम आहे ना बाबा. कुलूप तोडायच्या आधी आत बघायचं, हाक मारायची, आणि ज्याचं कुलूप त्याला फोन करायचा. साक्षीदार उभे आहेत माझ्यापुढे. त्यांना काय सांगू?"

"सांग, ती घरी नाहीये."

"बरं. आणि मशीनमध्येही नाहीये. हो ना? तुझ्या तोंडून पाहिजे."

दोन शब्दांचं काम होतं. माझ्या तोंडून ते निघेनात. "तोडू नको," मी म्हणालो. "मी येतो."

मी पोचलो तेव्हा सुपरवायझर कटर घेऊन स्विचजवळ उभा होता आणि चादरी घालणारी मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी होती. मावशी त्या मशीनवर सगळ्यांत जुनी. तिच्या दोन बोटांना पट्टी होती. मोठं मशीन बंद पडल्यापासून बायका जुन्या मशीनवर चादरी घालत होत्या. मोठ्या मशीनला तोंडाशी एक आडवी पट्टी आहे, तिला बोट लागलं की रूळ जागच्या जागी थांबतो. जुन्याला ती नाही.

"आज दोन बोटं भाजली, उद्या हात जाईल," सुपरवायझर मला म्हणाला. "सांग ना तिला. मोठं चालू झालं तर भलं कोणाचं आहे?"

"मी नाही उभी राहायची त्याच्यावर," मावशी म्हणाली. "वहिनी आत आहे."

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मी डोळ्यांनी बघितलंय. कुलूप लावलेलं, स्विच बंद, आणि रूळ उचलला. परत टेकला. माणूस श्वास घेतो तसा. धुलाईतल्या पोरींनीपण बघितलं, विचार त्यांना."

"इथे भुतं असती तर मी त्यांचीही पाळी लावली असती," सुपरवायझर म्हणाला. "अशीही माणसं कमीच पडतात."

कोणी हसलं नाही. तोही हसला नाही. पाटीवरून ती अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "तिने कुलूप लावलं ते काहीतरी बघून लावलं. उगाच लावणारी ती नव्हे. काय बघितलं ते कळल्याशिवाय मी काढणार नाही, आणि तुला तोडू देणार नाही."

"ती सांगायला येणार आहे का?" तो म्हणाला. मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी. कटर खाली ठेवून तो म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत बघ काय बघायचं ते."

जेवायला सगळे बाहेर गेले. मी मशीनसमोर उलटी बादली ठेवून बसलो. इतकी मोठी जागा आणि एकही माणूस नाही, असं मी तिथे कधी बसलो नव्हतो. पत्रे तापून कुरकुरत होते. ओल्या चादरींचा वास होता, आणि मला त्यात तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. खरं सांगतो, आला. टेस्टरची पिवळी मूठ फटीत तशीच होती.

मी हळूच म्हटलं, "अगं."

रूळ उचलला गेला.

फार नाही, दोन बोटं. टेस्टर सुटून पाटावर घरंगळला. मग रूळ खाली आला, सावकाश नाही, धपकन, आणि टेस्टरच्या दांडीवर बसला.

मी किती वेळ तसाच बसलो ते माहीत नाही. नंतर कान जागेवर आले तेव्हा ऐकू आलं, मागच्या खोलीत कॉम्प्रेसर चालू होता. तो चालू झाला की नळीत हवा भरते. आणि रूळ हवेवर उचलला जातो, हवेवरच दाबला जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते तर माझंच काम. पण आम्ही सगळे करंटला भिणारी माणसं. करंट कुलपात घातला की मशीन मेलं असं आम्ही धरून चालत होतो. नळीतली हवा बंद करायचा कॉक भिंतीवर होता, तो नुसता फिरवून ठेवायचो. त्याला कुलूप घालायला भोकच नव्हतं, म्हणून कोणी कधी घातलं नाही. तो कॉक आता आतून झिजला होता आणि बंद असूनही हवा सोडत होता.

म्हणजे तिने स्विचला कुलूप घातलं, बोटांच्या पट्टीची वायर बघायला हात आत घातला, तेव्हा रूळ वर होता. मग तो खाली आला. हात निघाला, टेस्टर राहिला.

मी भिंतीवरच्या कॉकच्या पुढे नळी सोडवून हवा तोडली, रूळ तरफेने उचलला आणि टेस्टर बाहेर काढला. दांडी वाकून चंद्रकोरीसारखी झाली होती. लोखंड होतं ते. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं.

तसाच रस्ता ओलांडून पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला बघितलं आणि काउंटरजवळचं स्टूल पायाने आत ढकललं. मी उभाच राहिलो.

"ती काय मागायला आली होती?"

"मला वाटलं होतं कोणीतरी विचारायला येईल," तो म्हणाला. "हवेचा कॉक मागितला. कुलपाचं भोक असलेला. मी चेष्टा केली, म्हटलं वायरमन बाई, हवा काही तुमचं खातं नाही."

"मग?"

"म्हणाल्या, 'नवऱ्याचं आहे. आज दुपारी तो पाटावरचं मेण खरवडायला त्यात दोन्ही हात घालेल. त्याच्या आधी पाहिजे.' मी म्हटलं, आज नाही, मागवावा लागेल. तर म्हणाल्या, 'मग कुलूप तसंच राहू देते, मी गेटवर थांबते त्याला सांगायला.' आणि मग म्हणाल्या, जरा बसते."

त्याने खालच्या खणातून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "येऊन पडलाय. कोणाला द्यावा ते कळेना."

मी परत आलो आणि वाकडा टेस्टर सुपरवायझरच्या हातात दिला. त्याने तो फिरवून फिरवून बघितला. "आणि मी कटर घेऊन उभा होतो," एवढंच म्हणाला. मावशीने टेस्टरला बोट लावलं आणि काढून घेतलं. "तरी मी म्हणत होते, वहिनीचं काहीतरी म्हणणं आहे," ती म्हणाली. मी तिला हवेचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. पटलं का ते सांगता येत नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही.

नवा कॉक बसवला. त्याला माझं कुलूप घातलं, कॉम्प्रेसर चालू केला, रुळाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून सगळे बघत राहिलो. रूळ हलला नाही. सुपरवायझरने भिंतीवर खडूने लिहिलं, 'करंटला एक, हवेला एक.' मी माझं कुलूप काढून घेतलं. आता राहिलं तिचं.

किल्ली गळ्यातून काढली. नियमाप्रमाणे आधी वाकून आत बघायचं. बघितलं. पाट रिकामा होता. मग हाक मारायची.

"अगं, आहेस का?"

हाक मारली की उत्तरासाठी थांबायचं असतं. उत्तर आलं नाही तर आत कोणी नाही असं धरायचं आणि कुलूप काढायचं. मी थांबलो. सगळे थांबले. कोणीतरी खोकलं. मी थांबूनच राहिलो. मला अजून वाटत होतं की जरा उशिराने का होईना, ती म्हणेल.

शेवटी मावशी माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "उद्या काढ. जुनंपण बंद ठेवतो आज. एक दिवस चादरी ओल्या राहिल्या तर कोणी मरत नाही."

घरी आलो. तिचा फोन आज चार्जिंगला लावला नाही. किल्ली टेबलावर आहे. कॉक बसला, मशीन तपासून झालं, बायका सकाळी कामाला येतील.

तिचं कुलूप काढायचं राहिलं आहे.