आतून लावलेली कडी

दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला ग्राझिना किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढायची आणि एकामागून एक नऊ दारं उघडायची. दार वाजवायची ती, नाही असं नाही. पण एका हाताने टकटक आणि दुसऱ्या हाताने कुलपात किल्ली, असा तिचा खाक्या होता. आतला माणूस "या" म्हणेपर्यंत ती ओट्यापाशी पोचलेली असायची. मग फ्रीज उघडून बघायचा, बेसिनमधल्या कपांचा वास घ्यायचा, वाकून पलंगाखाली नजर टाकायची आणि वहीत खुणा करायच्या. बाटली नाही, घाण नाही, गोळ्या घेतल्या. झालं!

पोझनान या पोलिश शहरातल्या विल्डा भागातली ही जुनी चार मजली इमारत. रस्त्यावर राहिलेल्या, दारूपायी घरादाराला मुकलेल्या, मनाच्या आजाराने पिचलेल्या नऊ जणांना एका संस्थेने तिथे एकेक खोली दिली होती. ग्राझिना त्यांची मदतनीस. बाई मनाने चांगली. कुणाला ताप आला तर घरून सूप आणणारी, दवाखान्याच्या रांगेत त्यांच्याऐवजी स्वतः उभी राहणारी. तू या माणसांचा अपमान करतेस असं तिला कुणी म्हटलं असतं, तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं. अपमान करणारी माणसं आपल्याला नेहमी दुसरीकडेच दिसतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या बोगुमिलने मात्र ऑक्टोबरच्या शेवटी एक उद्योग केला. हा माणूस ट्रामच्या कारखान्यात वीस वर्षं मेकॅनिक होता. बायको वारली, दारू लागली, मग कानात आवाज येऊ लागले. नोकरी गेली, घर गेलं आणि अकरा वर्षं पुलाखाली नाहीतर निवाऱ्यात निघाली. आता गोळ्या सुरू होत्या, दारू सुटून पाच महिने झाले होते. एका दुपारी त्याने बाजारातून लोखंडी कडी आणली आणि दाराला आतल्या बाजूने बसवून टाकली. पुढच्या गुरुवारी ग्राझिनाची किल्ली फिरली, पण दार काही हललं नाही.

"कोण?" आतून आवाज आला.

"कोण काय, मी! गुरुवार आहे आज."

"आज नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको, ग्राझिनाबाई. उद्या चहाला या. सांगून या."

त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. नियम असा होता की तीनदा तपासणी नाकारली की खोली जाते आणि माणसाची रवानगी पुन्हा चाळीस खाटांच्या निवाऱ्यात होते. दोन लेखी ताकिदी बोगुमिलच्या दाराखालून सरकवून झाल्या. तेव्हा संस्थेचे संचालक रिशार्द यांनी ग्राझिनाला बोलावून घेतलं.

"पुढच्या गुरुवारी पाहुणे येतायत, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! फिनलंडमधलं तांपेरे, बेल्जियममधलं गेंट आणि पोझनान, अशा तीन शहरांच्या संस्थांनी युरोपच्या मदतीने एकत्र काम सुरू केलं होतं. एकमेकांची घरं बघायची, एकमेकांकडून शिकायचं. महिनाभर इमारतीत रंगाचा वास घुमत होता.

"त्यांच्यासमोर हा गृहस्थ आतून कडी घालून बसला, तर आपलं हसं होईल," साहेब म्हणाले. "बुधवारी तो डॉक्टरकडे जातो. तेव्हा ती कडी काढून टाक."

"त्यांना न विचारता?"

"खोली संस्थेची, दार संस्थेचं. विचारायचं कुणाला? आणि यानुशला विसरलीस? चार दिवस मरून पडला होता आत. उद्या याचं तसं झालं तर जबाबदार कोण, तू की मी?"

यानुश याच इमारतीत राहायचा, आणि त्याचं नाव निघालं की ग्राझिना सांगतील ते ऐकायची. दोन वर्षांपूर्वी त्याचं दार तिनेच उघडलं होतं.

तरी मंगळवारी ती बोगुमिलची समजूत घालायला गेली. या वेळी तिने बेल वाजवली आणि त्याने कडी काढून तिला आत घेतलं. चहा दिला. ती सरळ मुद्द्यावर आली.

"कशाला हट्ट करताय, बोगुमिलराव? आम्ही तुमच्या भल्यासाठीच येतो ना?"

"पुलाखाली पोलीस तंबूला लाथ घालायचे, तेही हेच म्हणायचे. थंडीने मरशील म्हणून उठवतोय!" तो हसला. मग हसणं थांबलं. "निवाऱ्यात बूट उशाला घेऊन झोपायचो. इस्पितळातल्या खोलीला आतून मूठच नव्हती. अकरा वर्षांत मला एका माणसाने विचारलं नाही की, बोगुमिल, आत येऊ का? खोली मिळाली तेव्हा म्हटलं, आता कुणीतरी विचारेल. तर तुमची किल्ली!"

"पण यानुशसारखं काही झालं तर?"

"यानुश शुक्रवारी मेला, बाई. गुरुवारी तुम्ही त्याचा फ्रीज तपासला होतात. कसा आहेस, हे विचारलं होतं का?"

ग्राझिनाने कप खाली ठेवला. तिला त्याचा रागच आला, कारण तो खरं बोलत होता.

"साहेब तुम्हाला काढतील हो," ती म्हणाली. "डिसेंबर तोंडावर आलाय. जाल कुठे?"

"काढू देत. जिथे मला नाही म्हणता येत नाही, ते माझं घर नव्हे. ती त्या निवाऱ्यातली एक्केचाळिसावी खाट झाली!"

आणि इतकं ऐकूनही बुधवारी ग्राझिनाने काय केलं? बोगुमिल डॉक्टरकडे गेल्यावर ती वर गेली, चार स्क्रू काढले आणि कडी आपल्या पिशवीत टाकली. निघताना तिने चोरासारखं जिन्यात डोकावून पाहिलं. पण आपल्याला नोकरी करायची आहे, असं तिने स्वतःला बजावलं. वाईट कामं करणाऱ्या बहुतेक भल्या माणसांनी स्वतःला हेच बजावलेलं असतं.

गुरुवारी सकाळपासून भुरभुर बर्फ पडत होतं. खाली पाहुण्यांसाठी उकडलेले बटाटे आणि कांदा घातलेलं ताजं पनीर मांडलं होतं. गेंटची मंडळी तिथेच रमली. साहेब मात्र तूलिक्कीला घेऊन वर निघाले. ही साठीची बाई तांपेरेतलं असंच घर बरीच वर्षं सांभाळत होती. तरुणपणी दोन वर्षं याच देशात, ग्दान्स्कला, राहिल्यामुळे तिला मोडकंतोडकं पोलिश येत होतं.

टकटक आणि किल्ली एकदमच. दार उघडलं.

बोगुमिल पलंगावर बसला होता. अंगात कोट, मांडीवर भरलेली पिशवी. जायची तयारी त्यानेच करून ठेवली होती.

"कडी नेलीत माझी," तो ग्राझिनाकडे बघून म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

साहेब आत शिरले, पाठोपाठ ग्राझिना. तूलिक्की दारातच थांबली. सवयीने ती बुटाच्या नाड्या सोडायला वाकली होती. वाकल्या वाकल्या तिने बोगुमिलचा चेहरा पाहिला, नाड्या पुन्हा बांधल्या आणि ती सरळ उभी राहिली.

"आत येऊ का मी?" तिने त्याला विचारलं.

बोगुमिलला क्षणभर कळलंच नाही की प्रश्न आपल्याला आहे. मग त्याने मान वर केली.

"नको," तो म्हणाला. "आज नको."

"बरं," तूलिक्की म्हणाली आणि एक पाऊल मागे सरकली.

"अहो, या ना!" साहेब घाईघाईने म्हणाले. "त्याचं काय मनावर घेता? इतक्या लांबून आलात, दारातून परत जाणार?"

"मी विचारलं. ते नको म्हणाले. संपलं."

"तुमच्याकडे किल्ली नसते का?" ग्राझिनाने विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"असते. पाकिटात, चिकटवून बंद. आग लागली, कुणाचा जीव धोक्यात आला, तरच फोडायचं. फोडलं की दोघांच्या सह्या, आणि का फोडलं ते राहणाऱ्याला लेखी." तूलिक्की शब्द शोधत बोलत होती. "पूर्वी आम्हीही असेच घुसायचो. एका म्हातारीने भांड भांड भांडून आम्हाला शहाणं केलं."

ग्राझिनाने खाली पाहिलं. तिच्या बुटांवरचं बर्फ वितळून बोगुमिलच्या पुसलेल्या फरशीवर काळं पाणी साचलं होतं. शेजारी साहेबांच्या बुटांचंही. अख्ख्या जन्मात ती कुणाच्या घरात बूट घालून शिरली नव्हती! बहिणीकडे नळ दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा उंबऱ्याबाहेर बूट काढून आत येतो. आणि इथे, तीन वर्षं, दर गुरुवारी, नऊ खोल्यांत? एकदाही मनात आलं नाही? का आलं नाही? कारण ही घरं आहेत असं तिने कधी मानलंच नव्हतं!

"साहेब, बाहेर या!"

"काय?"

"आधी बाहेर या! आपल्याला इथे कुणी बोलावलेलं नाही!"

ती इतक्या जोरात बोलली की साहेब खरोखरच बाहेर आले. व्हरांड्यात आल्यावर मात्र त्यांनी खिशातून कागद काढला. खोली खाली करण्याचं पत्र. त्यावर मदतनिसाची सही लागत असे.

"तिसऱ्यांदा नाकारलंय त्याने. कर सही."

"नाही करणार. नाकारायला आधी कुणी विचारावं लागतं. या बाईंनी विचारलं, आपण विचारलंच नाही!"

"आणि यानुश?"

"यानुशचे कप हुंगले मी, वहीत सगळं ठीक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला! त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं मी, साहेब. किल्ली होती की माझ्याकडे! कुणाला वाचवलं तिने?"

"नोकरी जाईल तुझी, ग्राझिना."

"जाऊ दे! मग हे पत्र खाली सगळ्यांसमोर वाचून दाखवते. कडी मी चोरली आणि तुम्ही चोरायला लावलीत, हेही सांगते!"

साहेबांनी पत्राची घडी घालून ते परत खिशात ठेवलं. तूलिक्की खिडकीबाहेरचं बर्फ बघत होती. ग्राझिनाने पिशवीतून कडी काढली आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"बोगुमिलराव, चुकलं माझं. परत बसवून देऊ का?"

 बोगुमिलने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"राहू दे. स्क्रू तिरपे घालाल तुम्ही. आणा इकडे."

रिशार्द साहेब काही दुष्ट नव्हते. दोन वर्षं एका मरणाची भीती बाळगून बसलेला माणूस होता तो.  दुपारच्या बैठकीत त्यांनीच तूलिक्कीकडे पाकिटाचा नियम लिहून मागितला. नव्या वर्षात नऊ किल्ल्या नऊ पाकिटांत गेल्या आणि तपासणीच्या वहीऐवजी ग्राझिनाच्या हाती फक्त एक प्रश्न उरला. कसे आहात? सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने महिनाभर दार उघडलं नाही, फक्त आतून "जिवंत आहे!" असं ओरडायचा. ग्राझिनाची झोप उडाली. पण तिने पाकीट फोडलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिच्या कचेरीच्या दारात बोगुमिल उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. वास दारापासूनच येत होता.

"परवा प्यालो. कालही. आवाज परत आलेत. एकट्याने नाही जमणार मला."

ग्राझिनाने हातातलं पेन खाली ठेवलं. तीन वर्षं कप हुंगून तिने किती बाटल्या पकडल्या असतील, पण स्वतःच्या पायांनी येऊन कुणी सांगितलं नव्हतं. कसं सांगतील? खरं बोललं की खोली जायची! तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"खोली जाणार का माझी?" त्याने विचारलं.

"तुमची आहे ती. डॉक्टरकडून परत तिथेच यायचंय आपल्याला. थांबा, कोट घालते."

मित्रहो, आजारी, व्यसनी, बेघर माणूस हा आधी तुमच्याआमच्यासारखा नागरिक आहे. इज्जत ही तो सुधारल्यावर द्यायची बक्षिशी नव्हे. ती पहिल्या दिवशी द्यावी लागते, तरच तो एक दिवस उठून मदत मागायला येतो. आणि जी मदत माणसाला नाही म्हणू देत नाही, तिच्या तोंडावर नाही म्हणायलाच हवं!