ड्रायव्हरची सीट

नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले, तेव्हा ती गाडी चालवायला शिकली. परवानाही मिळाला. पण घरच्या गाडीत बसलं की तिला समोरचा रस्ताच दिसेना. बावीस वर्षं ती गाडी त्याने चालवली होती. ड्रायव्हरच्या सीटमध्ये त्याच्या अंगाचा खोल खळगा पडला होता आणि ती बसली की त्यात बुडून जाई. उशी घेऊन पाहिली. ब्रेक दाबताना उशी सटकली आणि गाडी फाटकावर जाऊन टेकली.

"सीट नवी करते," एका सकाळी ती म्हणाली.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात कुणीतरी आणून ठेवावा तसा मांडीवर पडलेला. झटक्यापासून शब्द एकेक करून यायचे.

"कोण? तू?"

"मीच. तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय की."

"ब्लाऊज..." म्हणत तो तोंडाच्या एका बाजूने हसला. नाही म्हणाला नाही, एवढंच तिने धरलं.

कोपऱ्यावरच्या गादीवाल्याने तिला पक्कड वापरायला दिली. "जुनं कव्हर फेकू नका, ताई. उसवा, तुकड्यांवर नंबर घाला आणि त्यावरूनच नवं कापा. आणि सांभाळून हं. रेक्झिनला एकदा सुई लागली की भोक कायमचं."

सीट चार बोल्टांवर होती. तिसरा गंजून बसलेला. त्याने अख्खी दुपार खाल्ली आणि तिच्या बोटांची सालटी काढली. सीट ओढत मागच्या खोलीत आणली, खालच्या लोखंडी कड्या एकेक करून उघडल्या. आतला फोम तपकिरी होऊन भुगा झाला होता. मधोमध तर स्प्रिंगा हाताला लागत होत्या.

नवं रेक्झिन आणून कापायला बसली आणि नवऱ्याच्या हाका सुरू झाल्या. पाणी दे. उशी सरकव. पंखा कमी कर. दर वेळी कात्री ठेवून उठायचं, परत येऊन कुठवर आलो ते शोधायचं. संध्याकाळी तुकडे जुळवून पाहिले, तर दोन्ही बाजूच्या पट्ट्या डाव्याच निघाल्या. नमुना उलटा ठेवायचं राहून गेलं होतं. हजारो बाह्या कापलेल्या बाईने दोन डाव्या कापाव्यात! कपाळाला हात लावून ती जमिनीवर बसून राहिली. तेवढ्यात पुन्हा हाक आली.

"पाच मिनिटं तरी मला सोडा ना हो!" ती एवढ्या जोरात ओरडली, की तिची तिलाच भीती वाटली.

पलीकडे एकदम शांतता. ती धावत गेली. त्याची पॅन्ट ओली झाली होती. तो भिंतीकडे बघत होता. तिने त्याचे कपडे बदलले. 

रेक्झिन पुन्हा आणावं लागलं. दुकानात तोच रंग संपला होता, थोडा गडद मिळाला. नवा फोम तिने चांगला जाड बसवला, चिकटवला. तो वाळत असताना नवरा वॉकर टेकत टेकत खोलीच्या दारात आला. कोपऱ्यातल्या गोणीत जुन्या फोमचे तुकडे होते. तो गोणीकडे बघत राहिला.

"माझी... जागा?"

"अहो, फोम पार गेला होता."

त्याने डावा तळहात नव्या फोमवर दाबला. हात उचलताच फोम जसाच्या तसा वर आला.

"मी... कसा बसणार?"

 डॉक्टरांनी महिन्यापूर्वी दवाखान्याच्या जिन्यात तिला एकटीला गाठून सांगितलं होतं, की आता गाडी विसरा. तिने ते मनातच ठेवलं होतं.

"तुम्हाला सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले..."

"माहीत आहे." त्याने वॉकर वळवला. "मला... विचारायचंस."



पुढच्या तीन दिवसांत तिने शिवण पुरी केली. कव्हर उन्हात मऊ करून ताणून चढवलं. एका कोपऱ्याची सुरकुती काही केल्या जाईना. सीट जागेवर बसवली तेव्हा आनंद व्हायला हवा होता. नुसते खांदे दुखत होते.

दवाखान्यात व्यायामाला न्यायच्या दिवशी तिने त्याच्यासाठी आपल्या शेजारचं दार उघडलं.

"मागे," तो म्हणाला.

तो रागावला होता, का पुढे बसणंच त्याला सोसवत नव्हतं, ते तिला कळेना. आरशात त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. चढावरच्या चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. तिने किल्ली फिरवली तर गाडीने नुसता गचका खाल्ला.

"न्यूट्रल," मागून आवाज आला. मग जरा थांबून, "वाजवू दे... त्यांना."

गाडी सुरू झाली.

दवाखान्यातून परततानाही तो मागेच बसला.  ती त्याला उतरवायला वाकली तेव्हा त्याने तिचा खांदा धरला, पण लगेच उठला नाही.

"परवा... पुन्हा?"

"हो. दहाला."

"लवकर निघू," तो म्हणाला. "चढावर... तुला वेळ लागतो."