उजेडामागून आलेला नाद

मार्गशीर्षातली सांज. आंध्रच्या किनाऱ्यावरचं पुलिकतचं खारं सरोवर निळसर, निश्चल, निःशब्द. पश्चिमेचं केशर विझत होतं. पूर्वेचं जांभळं गडद, अधिक गडद होत होतं.

काठावरच्या उपड्या होडीला टेकून रंगनाथबुवा बसले होते. सांगलीचे पखवाजवादक. दोन वर्षांपूर्वीच्या तापानं त्यांचे कान नेले. पखवाज खोळीत गेला आणि बुवा मौनात.

मुलगी मृणाल सरोवरापलीकडच्या अवकाशतळावर इंजिनिअर. आजचं रॉकेट दाखवायला तिनंच त्यांना इथं आणलं होतं. वाटभर ते नको नको म्हणून मान हलवत राहिले. ज्याला ऐकू येत नाही, त्यानं उत्सवाला कशाला जावं?

तिनं त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढली : आता.

क्षितिजावर ठिणगी फुलली. ठिणगीची ज्योत झाली, ज्योतीचा स्तंभ. सुवर्णशुभ्र, सरळ, संथ. सरोवर उजळलं, लव्हाळी उजळली, कोळ्यांचे वर वळलेले चेहरे उजळले. आणि आवाज अजून पोचला नव्हता. कुणालाच नव्हता. त्या तेजोमय अवधीत सारा काठ बुवांइतकाच बहिरा होता.

मग पाण्यावरून तो आला. आधी वाळूत आला, वाळूतून होडीच्या फळ्यांत, फळ्यांतून बुवांच्या कण्यात, बरगड्यांत. मंद्र, घनगंभीर, मेघांच्याही तळाशी नांदणारा नाद.

बुवा दचकले. हात छातीवर गेला. माथ्यावर ज्योत चढत होती आणि बुवांचे डोळे मात्र मिटलेले. दोन्ही तळवे आपसूक उचलले गेले, लाकडावर पडले. धा. थांबले. पुन्हा, धा.

"मृणाल," ते म्हणाले. आवाज गंजलेला, घोगरा. "हे पोचलं गं मला."

उत्तर लिहिण्याऐवजी तिनं आपला तळवा त्यांच्या तळव्यांशेजारी, त्या कंप पावणाऱ्या लाकडावर टेकवला.

ज्योतीचा तारा झाला, तारा ताऱ्यांत हरवला. नाद ओसरला. माणसं पांगली. बुवा मात्र उठेनात. पुढचं कधी उडणार, तेवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

दूर सरोवराच्या मध्यावर झोपमोड झालेले रोहित पक्षी उठले होते. काळोखावर एक फिकट गुलाबी वर्तुळ काढून ते पाय लांबवत, एकेक करून, खाली उतरले. पाणी हललं. हललं, हललं, आणि निवलं.