सार्पोंगचं वळणदार नाव

पहारीचा पहिला घाव छपाईच्या मशीनवर बसला, तेव्हा सेरवा मशीनला खेटूनच उभी होती.

"सरक, आई! त्या चोराचं पोस्टर निघणार नाही म्हणजे नाही!"

"निघालंय. सकाळीच सुकलं," सेरवा म्हणाली.

बोआतेंगनं दुसरा घाव घातला. काच फुटून आईच्या कपाळात घुसली. रक्त बघून तो क्षणभर चरकला, आणि चरकल्याचा राग येऊन त्यानं तिसरा घाव घातला.

घानातल्या कुमासी शहरात श्रद्धांजलीच्या पोस्टरशिवाय कोणी मरत नाही. सेरवाच्या दुकानाचा नियम अख्ख्या आसाफो वस्तीला पाठ होता. वेलीसारखी लवलवती अक्षरं फक्त लग्नपत्रिकेला आणि सत्तरी ओलांडून गेलेल्यांना. अकाली गेला, तर लाल ठसठशीत 'काय हा घाला!' चोराला काहीच नाही. सार्पोंग चोरलेल्या मोटरसायकलसकट सापडला आणि भर बाजारात विटा-दगडांनी ठेचला गेला. पहिला दगड बोआतेंगचा. त्यानंच रात्री फुफू खाता खाता फुशारकीनं सांगितलं होतं. सेरवानं ताट बाजूला सारलं, पण त्याला जाब विचारला नाही. तिथं ती चुकलीच.

मग सार्पोंगची आई पोकुआ दुकानात आली.

"चोर होता, नाही म्हणत नाही मी. पण नाव मी ठेवलं होतं गं, बाजारानं नाही. ते लग्नाच्या अक्षरांत काढ. लग्न काय आता व्हायचं नाही त्याचं."

सेरवानं नियम गुंडाळून ठेवला. असल्या अक्षरांना ऐसपैस जागा लागते, दाटी झाली की गुंता होतो. म्हणून बाकी मजकूर तिनं साधा, बारीक ठेवला आणि मधोमध फक्त नाव. पहिल्या अक्षराचं शेपूट नावाखालून पार शेवटापर्यंत नेलं, आणि कुणी भिंतीवरून फाडलं तरी नाव दिसावं म्हणून कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं. एवढं देखणं नाव तिनं कधी स्वतःच्या लेकाचंही काढलं नव्हतं.

"बाजाराच्या भिंतीवर लावशील?" मोडक्या मशीनपाशी बोआतेंगचा आवाज चिरकला. "लोक विचारतील, कुणी मारला. मला आत टाकतील, आई!"

"टाकू देत."

कपाळाला फडकं बांधून ती पोकुआबरोबर निघाली. जिथं सार्पोंग पडला होता, त्याच भिंतीवर दोघींनी पोस्टर चिकटवलं आणि वरूनही खळीचा हात फिरवला. तोवर बोआतेंग चौघा दोस्तांना घेऊन आलाच. पाचांच्याही हातांत दगड.

"बाजूला हो, म्हातारे!" एकजण ओरडला.

सेरवानं भिंतीला पाठ लावली. ओल्या पोस्टरवर, घट्ट.

"मार रे," ती लेकाला म्हणाली. "पहिला तूच मारतोस ना?"

त्याचा हात वर गेला. त्याला थांबायचं होतं की नाही, देव जाणे. दगड सुटला आणि तिच्या खांद्याचं हाड कडकन वाजलं. पोकुआनं किंकाळी फोडली. दोस्तांनी दगड टाकून पळ काढला. मरणाऱ्या चोराला बघणं वेगळं आणि दोस्ताच्या आईला बघणं वेगळं.

सेरवा कळवळून पुढं वाकली, तसं ओलं पोस्टर भिंतीवरून सुटून तिच्या पाठीबरोबर आलं.

"आई... पाठीवरचं ते काढ."

"माझा हात पोचत नाही. तू काढ."

बोआतेंग जवळ आला. हात पुढं केला. वळणदार नावावरून त्याची नजर गेली, आणि हात तसाच खाली आला.

पोकुआनं सेरवाच्या कमरेला आधार दिला. दोघी भर बाजारातून, माणसांच्या गर्दीतून, पोकुआच्या घराकडे चालू लागल्या. मागं मागं बोआतेंग. लोक बाजूला होत होते आणि सेरवाच्या पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचत होते.