त्वचा : ठीक

त्या मुलीचं नाव इथे घेणार नाही. आम्हा आदिवासींत वारलेल्या माणसाचं नाव तोंडावर आणत नाहीत, आणि ती गेली. तिला छोटी म्हणू.

त्या बुधवारी मात्र छोटी शाळेच्या पडवीत रांगेत उभी राहून गुडघा कराकरा खाजवत होती. दवाखान्यातली आरोग्यसेविका डॉर्कस एकेका मुलाला तपासून कागद भरत होती: उंची, वजन, कान, दात, त्वचा. डॉर्कस ही छोटीच्या आईची, मर्नाची धाकटी बहीण. माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना? आमच्यात तर मावशी म्हणजे आईच, दुसरा शब्दच नाही.

"धाकटी आई, आटप की गं! जेवण संपेल."

"हो गं महाराणी. आधी सरळ उभी राहा."

दोन्ही नडग्यांवर पिवळ्या खपल्यांचे फोड होते, त्यांवर माश्या. घरात तीन खोल्यांत चौदा माणसं; न्हाणीघराचा नळ फेब्रुवारीपासून बंद, आणि सरकारी प्लंबर आज येतो, उद्या येतो करत होता. डॉर्कसने पाय पाहिले आणि 'ठीक'वर खूण केली. बारा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या, शहरातून आलेल्या ग्लेनिस सिस्टरने तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "इथे सगळ्यांनाच असतात. फोड मोजत बसलीस तर म्हातारी होशील." डॉर्कसचं स्वतःचं लहानपणही तसल्याच पायांवर गेलं होतं.

दुपारी चहा पिताना ग्लेनिस म्हणाली, "तिकडे डार्विन शहरात माझ्या धाकट्या लेकाच्या हनुवटीवर फोड आला. शाळेने लगेच घरी धाडला. दुपारी डॉक्टर, संध्याकाळी औषध सुरू."

"अहो सिस्टर, एका फोडाला एवढं?"

"शहर आहे बाई ते!"

दोघी खो खो हसल्या.

तीन आठवड्यांनी मर्ना छोटीला दवाखान्यात घेऊन आली. पोरीचा चेहरा सुजला होता. ग्लेनिसने डार्विनच्या डॉक्टरला फोन लावला.

"अंगावर फोड वगैरे होते का?" त्याने विचारलं.

ग्लेनिसने फाइल उघडून वाचलं, "त्वचा ठीक."

"मग ॲलर्जी असेल. गोळी द्या, उद्या बघू."

छोटी समोरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. ते पाय दोघींच्या डोळ्यांपुढे होते. आपण खोटं सांगतोय असं डॉर्कसला वाटलंसुद्धा नाही. तिने गोळी दिली, वर पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला काळ्या चहासारखी लघवी झाली. तिला न्यायला विमान आलं तोवर धाप लागली होती. डार्विनला पोचण्याआधीच सगळं संपलं. फोडांचा संसर्ग मूत्रपिंडांना भोवला, फुप्फुसांत पाणी भरलं, असं डॉक्टरने कळवलं. वेळेवर दोन सुया टोचल्या असत्या तर फोड बरे झाले असते, हेही त्याने सांगितलं.

रिवाजाप्रमाणे घराला धुरी दिली. मर्ना सुतक पाळायला गावाबाहेर जाऊन बसली. बहिणीशी ती बोलली नाही. डॉर्कसला रडू आलं नाही. ती कामावर जायची, केर काढायची, चहा करायची. एक दिवस कपाटातली छोटीची फाइल बंद करायची वेळ आली, तेव्हा वरचं नाव अंगठ्याखाली झाकून तिने शेवटचं पान काढलं. ठीक. खाली तिचीच सही. आधीची पानं चाळली. ठीक, ठीक, ठीक. मग तिने शेजारच्या फाइली काढल्या. गावातली एकूण एक पोरं ठीक होती.

पुढच्या तपासणीला पुन्हा तीच पडवी, तशीच रांग. पहिली आली लिओना, सहा वर्षांची. डॉर्कस खाली बसली आणि बोटाने मोजू लागली.

"उजवा पाय, नऊ. डावा, सहा."

"डॉर्कस, चाळीस पोरं आहेत," ग्लेनिस मागून म्हणाली. "ठीक लिही आणि सोड."

"नाही लिहिणार."

"अगं, इथे सगळ्यांनाच..."

"सिस्टर, तुमच्या लेकाचा एक फोड कुणीतरी लिहिला होता ना?"

ग्लेनिसने सुयांचा डबा उघडला.

लिओना आपल्या पायांकडे आणि डॉर्कसच्या पेनाकडे आळीपाळीने बघत होती. "बाई, हे पण लिहायचं असतं?"

"हो."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं," डॉर्कस म्हणाली, आणि पुढच्या पोराला तिने विजार वर करायला सांगितलं.