तिसरा कण

सात वर्षांपूर्वीच्या भांडणापासून उणकलच्या त्या घरात अप्पा आणि त्यांची बहीण अनसूया एकमेकांशी बोलत नसत. सगळं अप्पांच्या मुलीमार्फत, मेधामार्फत चाले. "मेधा, तुझ्या अप्पांना विचार, चहा हवा का?"

मेधाचं संशोधन तीन कणांवरचं. आज गणित सुटलं म्हणून तिनं चहा पिता पिता दोघांना खुशीत सांगितलं, "यातले कुठलेही दोन कण एकमेकांना धरून राहत नाहीत. तिसरा आला की मात्र तिघं बांधले जातात. तो गेला, की उरलेले दोघं पुन्हा सुटे!"

"हे कसलं शास्त्र, अण्णा?" आत्यानं थेट भावालाच विचारलं.

"काहीतरी बडबडते झालं, अनसूया," अप्पा म्हणाले.

कप उचलायला उठलेली मेधा गुपचूप परत खाली बसली.